‘ग्राहक जेनेरिक गोळी टाळतात’ हे कशावरून ठरवलं?

‘जेनेरिक औषधांबाबत ग्राहकांची जागरूकता आणि दृष्टिकोन : जालना जिल्ह्याच्या विशेष संदर्भात एक चिकित्सक अभ्यास.’

पेटची तयारी करताय आणि विषय शोधताय, तर असं एखादं शीर्षक तुमच्याही वहीत असेल. कॉमर्स, मॅनेजमेंट, अर्थशास्त्र, फार्मसी, समाजकार्य, कुठल्याही विभागात चालेल असा विषय आहे. अडचण एवढीच की याचं पाचवं प्रकरण पहिल्या प्रकरणाच्या आधीच लिहून झालेलं असतं. लोकांना माहिती नाही, म्हणून ते जेनेरिक टाळतात, सबब शासनाने जनजागृती करावी. मधल्या चारशे प्रश्नावल्या, लायकर्ट स्केल, काय-स्क्वेअर हा सगळा त्या एका वाक्यापर्यंत जायचा लांबचा रस्ता.

आज एक गाजलेला पेपर उघडू. त्याचं मनापासून कौतुक करू आणि मग तो जालन्यातल्या मेडिकलच्या काउंटरवर ठेवून बघू. विषय फक्त चिठ्ठीशिवाय घेतल्या जाणाऱ्या औषधांपुरता ठेवतो. डोकेदुखी, ताप, सर्दी, ॲसिडिटी, अंगदुखी, एवढंच.

पेपर २०१५ चा, ‘क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स’मधला. लेखक चार : ब्रॉननबर्ग, ड्यूबे, गेन्ट्झकोव आणि शपिरो. नाव मजेशीर आहे, ‘डू फार्मासिस्ट्स बाय बायर?’ म्हणजे फार्मासिस्ट स्वतःसाठी बायर कंपनीची ॲस्पिरिन घेतात का? सुरुवातच एका साध्या तुलनेने होते. सीव्हीएस नावाच्या अमेरिकी दुकानात बायरच्या १०० गोळ्यांची बाटली ६.२९ डॉलरला आणि त्याच दुकानाच्या स्वतःच्या नावाची, तेवढ्याच ताकदीची, तेवढ्याच गोळ्यांची बाटली १.९९ डॉलरला. औषध तेच. मग लोक तिप्पट पैसे का देतात?

आपण असतो तर काय केलं असतं? प्रश्नावली काढली असती. ‘आपणांस जेनेरिक औषधांची गुणवत्ता ब्रँडेड औषधांइतकीच वाटते काय? पूर्णतः सहमत, सहमत, तटस्थ...’ या चौघांनी खरेदीच बघितली. घराघरांतून काय विकत आणलं याची नोंद असलेला मोठा डेटा त्यांच्याकडे होता. त्यात माणसाचा व्यवसाय जोडला. औषधातला मूळ घटक कोणता, हे माणसाला सांगता येतं का, तेही जोडलं. मग पाहिलं की ज्याला औषधातलं सगळ्यात जास्त कळतं, तो स्वतःच्या खिशातून पैसे देताना काय उचलतो. उत्तर असं : डोकेदुखीच्या औषधांत सरासरी ग्राहक २६ टक्के वेळा मोठ्या कंपनीचा ब्रँड घेतो, फार्मासिस्ट फक्त ९ टक्के वेळा. जोडीला त्यांनी मीठ-साखरेसारख्या किराण्यावर स्वयंपाकी लोकांची तपासणी केली. व्यावसायिक शेफ अशा वस्तूंत ब्रँडवर इतरांपेक्षा १२ टक्के अंकांनी कमी खरेदी करतात. लेखकांचा निष्कर्ष असा की औषधांच्या बाबतीत ब्रँडसाठी जे जास्तीचे पैसे जातात त्याचा बराच भाग चुकीच्या समजुतीतून जातो. बहुतेक किराणा आणि घरगुती वस्तूंत हा भाग बराच कमी आहे.

शोधनिबंध कसा रचावा हे शिकायचं असेल तर हा पेपर वाचाच. माणूस काय बोलतो यापेक्षा काय करतो ते मोजलंय, आणि ‘बरोबर उत्तर’ कुठलं हे लेखकांनी स्वतः ठरवलेलं नाही. ते जाणकारांच्या वागण्यातून येऊ दिलंय.

हे झालं अमेरिकेचं. आता हाच पेपर उचलून ‘म्हणून जालन्यातला ग्राहकही माहितीअभावी जेनेरिक टाळतो’ असं रिव्ह्यूमध्ये लिहायचं, तिथे मला थांबावंसं वाटतं. सीव्हीएसमध्ये काय घडतं बघा. फळीवर दोन बाटल्या शेजारी शेजारी आहेत. किमतीचे कागद खाली लावलेत. ग्राहक हात पुढे करून एक उचलतो. पेपरमधलं प्रत्येक वाक्य या हात पुढे करण्यावर उभं आहे. आपल्याकडे मंठ्याहून किंवा भोकरदनहून बसने आलेला माणूस मेडिकलसमोर उभा राहतो आणि म्हणतो, “भाऊ, डोकं लई दुखू राहिलं, एखादी गोळी द्या.” मेडिकलवाला मागच्या कप्प्यातून एक स्ट्रिप काढतो, कात्रीने दोन गोळ्या कापून देतो. बऱ्याचदा नाव आणि एक्सपायरी असलेला भाग दुकानातच राहतो. माणूस पाणी पिऊन गोळी घेतो आणि निघतो.

यात ग्राहकाने काय टाळलं? काय निवडलं? त्याला तर कंपनीचं नावही दिसलेलं नाही.

यावर कुणी म्हणेल, सगळे असे नसतात, नाव घेऊन मागणारेही असतात. बरोबर आहे. क्रोसिन द्या, कॉम्बिफ्लाम द्या, सॅरिडॉन द्या. पण इथेही तुलना सरळ राहत नाही. क्रोसिन म्हणजे पॅरासिटामॉल, तिची जेनेरिक जोडी सहज सांगता येते. सॅरिडॉन मात्र पॅरासिटामॉल, प्रोपिफेनाझोन आणि कॅफिन यांचं मिश्रण आहे, आणि कॉम्बिफ्लाममध्ये पॅरासिटामॉलसोबत आयबुप्रोफेन. सॅरिडॉन मागणाऱ्याने साधी पॅरासिटामॉल नाकारली तर त्याने ‘तेच औषध स्वस्तात’ नाकारलं असं म्हणता येत नाही. अमेरिकी पेपर ज्या गृहीतकावर उभा आहे, की दोन्ही वस्तू आतून सारख्या आहेत, ते आपल्या प्रश्नावलीत न तपासताच आत शिरतं.

आता मुख्य घोळ, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ‘जेनेरिक’ हा शब्द आपल्याकडे किमान तीन वेगळ्या वस्तूंना चिकटलेला आहे. एक, जनऔषधी केंद्रातली, कंपनीचा ब्रँड नसलेली, फक्त औषधाचं नाव असलेली गोळी. ही योजना २००८ मध्ये सुरू झाली, नंतर पंतप्रधानांच्या नावाने नव्याने आली आणि आता देशभर हजारो केंद्रं आहेत. दोन, ज्याला धंद्यात ‘ट्रेड जेनेरिक’ म्हणतात ती. हिच्यावर व्यवस्थित ब्रँडनेम छापलेलं असतं, पाकीट चकचकीत असतं, पण तिच्यासाठी एमआर डॉक्टरांच्या दारात जात नाही. ती थेट दुकानदाराला विकली जाते. तीन, खुद्द नामांकित ब्रँड. पेटंट कधीच संपलेल्या औषधाची कंपनीच्या नावाने विकली जाणारी गोळी तांत्रिक अर्थाने जेनेरिकच आहे. आपल्या देशात औषधांच्या दुकानातला बहुतेक माल असा ‘ब्रँडेड जेनेरिक’च असतो.

आता तुमच्या प्रश्नावलीतला प्रश्न क्रमांक सात : ‘आपण जेनेरिक औषधे खरेदी करता काय?’ काल ट्रेड जेनेरिकची गोळी खाल्लेला माणूस प्रामाणिकपणे ‘नाही’ वर खूण करतो. त्याच्या डोक्यात जेनेरिक म्हणजे जनऔषधी केंद्र, किंवा सरकारी दवाखाना. तुम्ही त्या खुणा मोजता आणि लिहिता, अमुक टक्के ग्राहक जेनेरिक टाळतात. आकडा बिनचूक येईल, एसपीएसएस त्यात कधी चूक करत नाही. पण तो आकडा एका शब्दाच्या अर्थाबद्दल आहे. खरेदीबद्दल तो काही सांगत नाही.

भारतातला एक अभ्यास इथे वाचायलाच हवा, आणि तो त्या अमेरिकी पेपरइतका चर्चेत नसतो याचं मला वाईट वाटतं. ‘इंडियन जर्नल ऑफ फार्माकॉलॉजी’मध्ये २०११ साली सिंगल, नंदा आणि कोटवानी यांचा पेपर आला. त्यांनी पाच औषधं घेतली, त्यांत सर्दी-ॲलर्जीची सेटिरिझिनही होती. प्रत्येक औषधाची एकाच कंपनीने बनवलेली दोन रूपं घेतली, एक जाहिरातीतला ब्रँड आणि एक ब्रँडेड जेनेरिक. प्रयोगशाळेत तपासलं तर दोन्ही रूपं दर्जात उतरली. मग दुकानदाराचा नफा बघितला. ब्रँडवर २५ ते ३० टक्के. त्याच कंपनीच्या जेनेरिक रूपावर २०१ ते १०१६ टक्के.

हे टक्के खरेदी किमतीवरचे आहेत, म्हणून जरा हिशेब करून बघा. दुकानदाराला १० रुपयांना पडलेली वस्तू २०१ टक्क्यांनी साधारण ३० रुपयांना जाते आणि १०१६ टक्क्यांनी १११ रुपयांना. या अभ्यासाच्या मर्यादा तुम्हीच सांगाल : औषधं पाचच, शहर दिल्ली, आणि पाचांपैकी बहुतेक औषधं चिठ्ठीवरची. जालन्यात हेच टक्के असतील असं मी म्हणणार नाही, तुम्हीही म्हणू नका. पण यातून जो प्रश्न उभा राहतो तो ‘ग्राहक का टाळतात’ या प्रश्नाला उलटा करतो. दुकानदाराला जेनेरिकवर एवढं सुटत असेल, तर चिठ्ठी नसताना, नाव न घेता गोळी मागणाऱ्या माणसाला तो काय देईल? म्हणजे शक्यता अशी आहे की जेनेरिक गोळी ग्राहकापर्यंत रोज पोचते आहे, फक्त तिचा स्वस्तपणा वाटेत राहतो आहे. आणि आपण त्याच ग्राहकाला प्रबंधात अडाणी ठरवतो आहोत.

इथे कायद्याचा एक बारकावा आहे. औषध नियमांतला नियम ६५ (११ए) सांगतो की शेड्यूल एच किंवा एक्समधल्या औषधाची चिठ्ठी असेल तर विक्रेत्याला तिच्या जागी दुसरी कंपनी देता येत नाही, आतलं औषध तेच असलं तरी. म्हणजे चिठ्ठीवरच्या औषधात फार्मासिस्टचे हात बांधलेले. चिठ्ठीशिवायच्या औषधात ते मोकळे. तेव्हा पर्याय देण्याची खरी सत्ता नेमकी याच औषधांत काउंटरमागच्या माणसाकडे असते, आणि आपली प्रश्नावली मात्र काउंटरसमोरच्या माणसाला भरायला देतो! आणखी एक. ओव्हर-द-काउंटर असा वेगळा वर्ग आपल्या औषध कायद्यात नाही. जे शेड्यूल एच, एच१ किंवा एक्समध्ये नाही, ते व्यवहारात चिठ्ठीशिवाय विकलं जातं. सिनॉप्सिसमध्ये कार्यात्मक व्याख्या लिहिताना अमेरिकेची व्याख्या चिकटवली, तर आरआरसीच्या बैठकीत फार्मसीचे एखादे सर पहिला प्रश्न हाच विचारतील.

बरं, जे खरोखर जाणूनबुजून टाळतात त्यांचं काय? जनऔषधी केंद्र माहीत आहे, रस्त्यावरच आहे, तरी तिथे जात नाहीत, असे लोक आहेतच. त्यांना आपण ‘गैरसमज’ या रकान्यात टाकतो. मला हा रकाना घाईचा वाटतो. केंद्र सरकारने २०१४ ते २०१६ या काळात देशभर औषधांचे नमुने तपासले होते. दुकानांतल्या नमुन्यांत ३.१६ टक्के दर्जाहीन निघाले. सरकारी साठ्यांतल्या नमुन्यांत १०.०२ टक्के. मराठवाड्यात ‘जेनेरिक’ ऐकल्यावर ‘सरकारी दवाखान्यातली गोळी’ असं मनात येणाऱ्या माणसाला हे आकडे माहीत नसतील, पण त्याचा संशय या आकड्यांच्या विरुद्ध दिशेला नाही. त्यात १९८६ मध्ये मुंबईच्या जेजे रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरॉलने १४ रुग्ण दगावले आणि त्यावर न्यायमूर्ती लेंटिन आयोग बसला, हे मागच्या पिढीला आठवतं. आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यात, अंबाजोगाईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाला पुरवलेल्या अझिथ्रोमायसिनच्या गोळ्या बनावट असल्याचा गुन्हा २०२४ च्या डिसेंबरात दाखल झाला, ते तर सगळ्यांनी वाचलं.

याचा अर्थ संशय बरोबर आहे असा नाही, त्याची दिशा चुकली आहे. सरकारी रुग्णालयाची खरेदी आणि जनऔषधीची खरेदी या वेगळ्या साखळ्या आहेत, आणि जनऔषधीच्या मालाची प्रत्येक बॅच मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासायची असा त्या योजनेचा नियम आहे. उलट नामांकित नाव म्हणजे हमी, हेही खरं नाही. गोळी वेळेत विरघळत नाही म्हणून कॉम्बिफ्लामच्या काही बॅच २०१६ मध्ये कंपनीने परत मागवल्या होत्या. २०२५ मध्ये छिंदवाड्यात ज्या खोकल्याच्या औषधाने २० हून अधिक लेकरं गेली, त्या बाटलीवरही कोल्ड्रिफ असं ब्रँडनेम होतंच. पण बघा, इथे ग्राहकाची अडचण माहितीच्या अभावाची नाही. त्याच्याकडे माहिती आहे, ती वेगवेगळ्या साखळ्यांची आहे, आणि कुठली माहिती कुठल्या पाकिटाला लागू पडते हे ओळखायचं साधन त्याच्याकडे नाही. ‘जागरूकता’ मोजणाऱ्या पाच विधानांत हे मावणार नाही.

जालनेकरांना हे बियाण्याच्या उदाहरणाने पटकन कळेल. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी महिको इथेच सुरू केली, तेव्हापासून बियाणं म्हणजे जालना असं समीकरण आहे. बीटी कपाशीचं जनुक एकच, पाकिटं डझनावारी, आणि तरी शेतकरी ठरावीक वाणासाठी अडून बसतो. त्याला कुणी अडाणी म्हणत नाही, कारण जनुक सारखं असलं तरी वाण वेगळा असतो, आणि हंगामाच्या शेवटी स्वतःचं शेत आणि बांधापलीकडचं शेत शेजारी शेजारी दिसतं. चुकलं तर पुढच्या वर्षी पाकीट बदलतो. डोकेदुखीच्या गोळीत असं शेजारचं शेत नाही. डोकं बऱ्याचदा आपोआपही थांबतं. कुठल्या गोळीने थांबलं, गोळीने थांबलं की झोपेने, हे कळायला मार्ग नसतो. म्हणून बियाण्याच्या दुकानात चार प्रश्न विचारणारा माणूस मेडिकलमध्ये मुकाट्याने मिळेल ते घेतो.

त्यात दुखणं ही चीजच विचित्र. १९८१ मध्ये ब्रॅन्थवेट आणि कूपर यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये ८३५ स्त्रियांवरचा प्रयोग छापला. ब्रँडचं नाव असलेल्या पाकिटातल्या गोळ्यांनी डोकेदुखीत बिननावाच्या गोळ्यांपेक्षा जास्त आराम पडला, आत खरं औषध असो की नुसती साधी गोळी. म्हणजे ब्रँडसाठी दिलेले जास्तीचे पैसे पूर्ण वाया गेले असंही छातीठोक म्हणता येत नाही. २०१५ च्या पेपरवरचा माझा दुसरा आक्षेप हाच. फार्मासिस्टला नावाचा हा आराम मिळत नसेल कदाचित, कारण त्याला आतलं माहीत आहे. पण मग त्याचं वागणं सगळ्यांसाठी ‘बरोबर उत्तर’ कसं?

पैशांचं थोडक्यात. सीव्हीएसच्या बाटलीत ४.३० डॉलरचा फरक आहे, आणि बाटली १०० गोळ्यांची. आपल्याकडे पॅरासिटामॉल आवश्यक औषधांच्या यादीत असल्याने २०१३ च्या औषध किंमत आदेशाखाली तिच्या कमाल किमतीवर मर्यादा आहे, आणि साधी ५०० मिलिग्रॅमची गोळी रुपयाच्या आसपासच मिळते. दोन गोळ्यांत वाचून वाचणार काय? तेवढ्यासाठी चार गल्ल्या ओलांडून जनऔषधी केंद्रात न जाणं हा चोख हिशेब आहे. डोकेदुखीच्या गोळीवरून निष्कर्ष काढून तो बीपी-शुगरच्या, महिन्याला शेकड्यांत जाणाऱ्या औषधांना लावला, तर तो प्रबंध तिथेच लंगडतो.

मग विषय सोडायचा? अजिबात नाही. पण त्या चौघांची पद्धत घ्या, त्यांचा निष्कर्ष घेऊ नका. त्यांचा फार्मासिस्ट ग्राहक होता. आपला मेडिकलवाला विक्रेता आहे, स्वतःसाठी गोळी त्याला खरेदी भावात पडते, तेव्हा तो आपल्या कामाचा जाणकार ग्राहक नाही. तसा जाणकार शोधायचा तर डी.फार्म. झालेले पण दुकानात नसलेले, परिचारिका, आशा ताई, आरोग्य केंद्रातले औषध निर्माण अधिकारी यांच्या घरात बघा. त्यांच्या घरातल्या डब्यात कुठल्या गोळ्या आहेत, त्या कुठल्या दुकानातून आल्या, आणि त्याच गल्लीतल्या, तेवढ्याच कमाईच्या इतर घरांच्या डब्यात कुठल्या? मत विचारू नका, डबा उघडायला सांगा. पाकिटावरचं नाव, बनवणारी कंपनी, विकणारी कंपनी, छापील किंमत आणि प्रत्यक्ष दिलेली किंमत लिहून घ्या. कापलेली स्ट्रिप निघाली आणि नाव नसेल, तर तीही नोंद करा, ‘माहिती उपलब्ध नाही’ म्हणून गाळू नका. ती गाळलीत तर तुमचा सगळ्यात महत्त्वाचा गट गेला.

गावं निवडताना एक गोष्ट लक्षात ठेवा. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्याची लोकसंख्या १९ लाख ५९ हजार होती आणि पाचांतले चार जण खेड्यात होते. औषध नियमांच्या शेड्यूल केप्रमाणे १००० पर्यंत वस्तीच्या गावात पॅरासिटामॉल, ॲस्पिरिन, बाम, अँटासिड अशा घरगुती औषधांच्या विक्रीला परवाना लागत नाही, ती किराणा दुकानातही मिळू शकतात. म्हणजे जाफराबाद किंवा घनसावंगी तालुक्यातल्या अशा गावात तुमचा ‘औषध विक्रेता’ साखर आणि बिडीबंडलासोबत गोळी विकणारा माणूस असणार. त्याच्याकडे बहुधा एकच स्ट्रिप असेल. सॅम्पलिंग फ्रेम जिल्ह्यातल्या परवानाधारक मेडिकलच्या यादीवरून काढलीत, तर हा दुकानदार आणि त्याची गिऱ्हाइकं तुमच्या प्रबंधात येणारच नाहीत. तेव्हा यादी मागायला अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात जाल, तसंच ग्रामपंचायतीतही जा, आणि किराणा दुकानं हातानेच मोजा.